सुटं, सकाळी नऊ वाजून वीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिने मला 'कंडक्टर' म्हटलं.

सकाळी दारातून नुसतं डोकं आत घातलं आणि विचारलं, "सुटं आहे का?" मी म्हटलं, "आहे, पुढे सरका." ती हसली. "म्हणजे तू कंडक्टरच की!" झालं. आता सगळा मजला मला याच नावाने हाक मारणार. मारू दे. नाव तिने ठेवलंय.

हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं. घरी सांगण्यासारखं नाही. मामाला सांगितलं तर तो तळमजल्याच्या भांडारापासून चौथ्या मजल्यापर्यंत दवंडी पिटेल. या प्रयोगशाळेत मला चिकटवलं त्यानेच, त्यामुळे माझ्यावर आपला हक्क आहे असं त्याला वाटतं.

माझं काम एवढंच. एक कडवट, डोक्यात जाणाऱ्या वासाचं तेल असतं. डायसायक्लोपेंटाडाईन. एवढं नाव घेईस्तोवर चहा गार होतो, म्हणून इथे सगळे त्याला 'जोडी' म्हणतात. पाच कार्बनची एक रिंग, तशी दुसरी, दोघी एकमेकींना चिकटून बसलेल्या. ती जोडी एकशेसत्तर अंशांवर तापवायची. मग ती तुटते. एकटी रिंग वाफ होऊन उभ्या काचेच्या नळीतून वर चढते आणि पलीकडे बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब उतरते. ते 'सुटं'. सुटं टिकत नाही. बर्फाबाहेर ठेवलं तर एक-दोन दिवसांत बरंचसं पुन्हा जोडी होऊन बसतं, कोणी सांगावं लागत नाही. म्हणून रोज ताजं काढायचं आणि फ्लास्कला चिठ्ठी लावायची: सुटं, तारीख, वेळ. तिचं संशोधन याच सुट्यावर चालतं; ती फक्त चिठ्ठी वाचते आणि वापरते. डोळे झाकून.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माणसाला आणखी काय मिळणार, असं लोक म्हणतात. रोज सकाळी तिच्याआधी यायचं, आणि तिच्यासाठी जोड्या तोडायच्या. याला जर नोकरी म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुटं, ९.१०. तिने चिठ्ठी वाचली, मान हलवली. बस. दिवस गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

आईने पुन्हा तो फॉर्म काढला. कॉलेजात परत प्रवेश घ्यायचा. त्यात एक रकाना आहे — 'शिक्षण सोडण्याचे कारण'. आणि सोबत प्राचार्यांना माफीचं पत्र जोडायचं.

"दोन ओळी लिहायला काय तुझे हात झिजतात?" आई म्हणाली.

"न केलेल्या चुकीच्या दोन ओळी?"

"मग केलेल्या चुकीच्या लिही. त्या काय कमी आहेत?"

मी ताटावरून उठलो. आता खोलीत बसून लिहितोय. एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे संपलं. तो तराजू मी पाडला नाही. काचेच्या पेटीतला, केसाचं वजन सांगणारा तराजू. सरांनी माझी आकडेमोड सगळ्यांसमोर वाचून दाखवली, वर्ग हसला, मी चिडलो हे खरं. पण टेबल आधीपासून डुगडुगत होतं. कोणीही जरा टेकलं असतं तरी तराजू खाली आला असता. आला तो माझ्या वेळेला. माझ्या शेजारी चष्मिस उभा होता, शाळेपासूनचा मित्र. सरांनी त्याला तीनदा विचारलं, काय झालं? तो बूट बघत राहिला. एवढं म्हणायला काय जात होतं — टेबल डुगडुगत होतं! पण तो ते म्हणाला नाही. भित्रा. त्या दिवसापासून मी त्याचा फोन उचललेला नाही.

न पाडलेल्या तराजूची माफी मी मागणार नाही. मेलो तरी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तिने मला शिकवलं. दुपारी, हूडची, म्हणजे धूर ओढणाऱ्या कपाटाची, काच खाली ओढून.

खिशातून एक गोटी काढली. म्हणाली, "हा धातू. आणि हा माझा हात म्हणजे रिंग." आधी एका बोटाने गोटी टेबलावर दाबून धरली. गोटी सटकली, दुसऱ्या बोटाकडे गेली, मग तिसऱ्या. "एका कार्बनने धरलं की असं. धातू राहतो, पण स्वस्थ राहत नाही. एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत रिंगभर फिरतो. थंड केलं तर थांबतो, ऊब दिली की पुन्हा सुरू." मग पाचही बोटांची टोकं गोटीवर टेकवली. "आणि हे असं धरलं की झालं. पाचही सारखे. पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं, काही नाही."

तिला असा रेणू बनवायचाय ज्यात एकाच धातूला एक रिंग पाच बोटांनी धरते आणि दुसरी एकाच बोटाने. तीन वर्षं झाली. धातूचं मीठ तपकिरी बाटलीत चिमूटभर आहे, दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेने पाठवलेलं. कुठला धातू ते सांगत नाही. तिच्या सरांनी बजावलंय.

"तू एका बोटाचा आहेस, कंडक्टर," ती म्हणाली. "रागाने धरतोस."

मी म्हटलं, "धरतो तर खरं."

ती हसली नाही. माझ्याकडे पाहिलं. मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणतो. इथे ती 'ती'.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिने मला एक बंद नळी दिलीय. तळाशी नारिंगी पूड. लोखंडाचा एक अणू, वर एक रिंग, खाली एक रिंग, पाच आणि पाच बोटं. "नवशिके आधी हेच बनवतात. ठेव खिडकीत. मजा बघ."

खिडकीत ठेवली. ऊन येतं. पूड तळाशी, पण नळीच्या वरच्या टोकाला आज बारीक नारिंगी सुया दिसल्या. वितळली नाही, उकळली नाही. तळाची पूड न सांगता उठून वर जाऊन बसली.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी लोखंड होतो. वर एक तळवा, खाली एक तळवा, दोन्ही हळूहळू फिरत होते, एकमेकांच्या उलट, आवाज नाही. कापरासारखा वास. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त मध्ये असायचं होतं. आईने चहाला उठवलं तेव्हा मी म्हटलं, "थांब, फिरू दे." ती म्हणाली, "डोकं फिरलंय, आणखी काय फिरायचंय?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिव्या खाल्ल्या.

तिच्या प्रयोगाच्या वहीत सुट्याचं वजन मी लिहितो. आज तीनच्या जागी आठ लिहिलं, म्हणून ब्लेडने खरवडून नीट केलं. छान दिसत होतं. तिने पान उजेडाकडे धरलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हे काय केलंस?"

"चुकलं होतं. काढलं."

"वहीतलं काढायचं नसतं. कधीच नाही. चुकलं तर एक रेघ. एकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर ते, तारीख, सही."

"पण घाण दिसतं."

"दिसू दे. कधीकधी चूकच बरोबर असते आणि आपण खोडलेलं चूक. मग शोधायचं कुठे?"

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "ओरडली? म्हणजे लक्ष आहे. नुसत्या रिंगा बनवते, बोटात एक नाही. नशीब काढ." मामाला काही कळत नाही. पण वाक्य मला आवडलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिन्यात उभा होतो. वरच्या वळणावर ती आणि तो स्फटिकवाला. तळघरातल्या क्ष-किरणांच्या यंत्रावर बसतो तो, स्फटिकाचा फोटो काढून आत कुठला अणू कुठे बसलाय ते सांगतो. शांत, उंच, कायम हसतमुख. मला असे हसतमुख लोक बघवत नाहीत.

ती म्हणाली, "ये ना रविवारी. आईला भेट एकदा."

तो म्हणाला, "आणि आई विचारेल, यंत्रावर काय करतोस?"

"सांग, आरपार बघतो."

दोघं हसले. मी खाली उतरलो. सकाळचं उरलेलं सुटं बर्फात ठेवायचं होतं. नाही ठेवलं. खिडकीच्या कट्ट्यावर तसंच राहिलं, आणि मी घरी आलो.

आरपार बघतो म्हणे!

२४ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते लिहितो.

सकाळी आलो. जोडी तापवायला बसायचं होतं, नाही बसलो. हात गरम, डोकं गरम, शनिवार-रविवार सगळा त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात काढलेला, तिथे कधीही न जाता. कट्ट्यावर शुक्रवारचा फ्लास्क होता. तीन दिवस उन्हातला. दिसायला पाण्यासारखा, आजच्यासारखाच. नवी चिठ्ठी घेतली. लिहिलं: सुटं, २४ फेब्रु., सकाळी ९.२०. फ्लास्क बर्फात उभा केला, गार व्हावा म्हणून.

वाटलं होतं, थोडं बिघडेल, ती चिडेल, पुन्हा काढायला सांगेल. माझ्याजवळ येऊन सांगेल.

ती आली. चिठ्ठी वाचली. म्हणाली, "आज मोठा दिवस, कंडक्टर. आज बाटली उघडतेय." तपकिरी बाटली.

खरं सांगायला अख्खं एक मिनिट होतं माझ्याकडे. मी घड्याळाकडे बघत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काळा गाळ.

सोडियमवर सुटं घातलं की बुडबुडे येतात, रिंगेतला एक हायड्रोजन निघून जातो, मगच ती रिंग धातूला पकडते. काल बुडबुडे कमी आले. साहजिक होतं. सुटं होतंच कुठे, बहुतेक सगळी जोडी. जोडीला सोडियम काही करू शकत नाही. सोडियम तसंच उरलं, आणि तिने मीठ घातल्यावर मिठालाच जाऊन भिडलं. जाळून काळं केलं.

हे मला कळतं. तिलाही कळेल, असं वाटलं होतं. पण तिच्या हिशेबात चिठ्ठी खरी होती.

तिने वहीत लिहिलंय: 'बुडबुडे अपेक्षेपेक्षा कमी. सोडियमवरची गंजाची साय नीट कापली गेली नसावी. माझी चूक.' अक्षर नेहमीसारखं गोल आहे. 'माझी चूक' जरा जोरात लिहिलंय, मागच्या पानावर उमटलंय. मी बोट फिरवून पाहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या सरांच्या खोलीतून बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. बाटलीत आता अर्धी चिमूट उरलीय. एका प्रयोगापुरती.

"सर म्हणाले, मार्चअखेर नाही जमलं तर विषय दुसऱ्याला."

"मग उद्याच करा. मी पहाटे येऊन काढतो सुटं."

"नको." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "तीन वर्षांनी ज्याला सोडियम कापता येत नाही, त्याने ते अर्धं तरी कशाला वाया घालवावं? तुझ्यासारखं करावं म्हणते. सोडून द्यावं. कसं असतं रे सोडणं? सुटल्यासारखं वाटतं?"

मी म्हटलं, हो.

किती वाईट खोटं बोलतो मी. आणि किती पटकन.

१ मार्च, शनिवार

खिडकीतली नळी. तळाला पूड जवळजवळ उरली नाही. सगळं वर.

३ मार्च, सोमवार

मामाला विचारलं. थेट नाही. म्हटलं, समजा एखाद्याने एखाद्याचं नुकसान केलं आणि त्याला माहीत नाही.

मामा भांडारात रबरी नळ्यांची भेंडोळी मोजत होता. "कोणाला माहीत नाही? करणाऱ्याला की ज्याचं झालं त्याला?"

"ज्याचं झालं त्याला."

"मग सांगितलं तर काय होईल?"

"तोंड बघणार नाही ती."

"ती," मामा म्हणाला, आणि मोजणं थांबवलं. "आणि नाही सांगितलं तर?"

"निघून जाईल. स्वतःला नालायक समजून."

मामाने हातातलं भेंडोळं बाजूला ठेवलं. "म्हणजे दोन्हीकडून तुझ्या हातातून जातेच आहे. मग निदान तिचं तरी काहीतरी राहू दे." मग म्हणाला, "मोजणी चुकवलीस माझी. पळ."

मामाला काही कळत नाही, असं मी वर लिहिलंय.

५ मार्च, बुधवार

ती नव्हती. तिची वही कपाटात होती. २५ तारखेचं पान उघडलं. 'माझी चूक' या शब्दांवर रेघ मारावी असं वाटलं. पण दुसऱ्याच्या ओळीवर रेघ मारायचा हक्क आपल्याला नसतो. खाली लिहिलं:

'ते सुटं नव्हतं. शुक्रवारचं होतं, बर्फाबाहेर राहिलेलं. चिठ्ठीवरची वेळ खोटी. मी.'

चार ओळींना वीस मिनिटं लागली. नंतर जिन्यात बसलो. राग कुठेच नव्हता. शोधून पाहिला.

६ मार्च, गुरुवार

तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. उघडी.

"'मी' म्हणजे कोण?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? वहीत 'मी' नसतं. पन्नास वर्षांनी कोणी वाचलं तर? पूर्ण नाव लिही. तारीख घाल."

लिहिलं. पेन दोनदा अडलं.

"रागावला नाहीत?"

"रागावलेय. खूप. पण ते नंतर." ती खुर्चीच्या कडेवर बसली. आवाज एकदम लहान झाला. "आधी हे सांग. माझं सोडियम बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"चकचकीत कापलं होतं मी."

"हो. मी पाहिलं होतं. आरशासारखं."

ती तोंडावर हात ठेवून बसली. रडतेय असं वाटलं, पण हसत होती, की दोन्ही. "नऊ दिवस," म्हणाली, "नऊ दिवस मी माझ्याच हातांकडे बघतेय." मग उठली आणि 'माझी चूक'वर एक रेघ मारली. एकच. तारीख, सही.

दाराशी वळून म्हणाली, "का केलंस, ते मी विचारणार नाही. जिन्यात आवाज खालपर्यंत येतो, ते मलाही माहीत आहे."

त्यानंतर दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. कंडक्टर नाही, काही नाही.

१० मार्च, सोमवार

सहाला आलो. जोडी तापवली. नळीच्या वरच्या टोकाला वाफ एक्केचाळीस अंशांवर, म्हणजे सुटंच. पहिला थेंब पडला तेव्हा बाहेर उजाडत होतं. ती शेजारी उभी होती, हात बांधून. आता चिठ्ठीवर दोन सह्या लागतात, तिने नियम केलाय. सुटं, सकाळी ६.५०. तिची सही, माझी सही.

सोडियमवर घातलं आणि फ्लास्क गाऊ लागला. असे बुडबुडे मी पाहिले नव्हते. मग द्राव गुलाबी होत गेला, फार हळू, झोपेतल्या माणसाच्या गालावर यावा तसा. मला वाटलं, या क्षणी आत अगणित रिंगा एकट्या आहेत, हात पसरून. कोणाची वाट बघतायत ते त्यांना अजून ठाऊक नाही.

तिने बाटलीतली शेवटची चिमूट घातली.

१७ मार्च, सोमवार

स्फटिक आले. वाइनच्या रंगाच्या सुया, नळीच्या काठाला. स्फटिकवाला स्वतः वर आला, चिमट्याने एक उचलली, श्वास रोखून घेऊन गेला. संध्याकाळी कागद आणला. मध्ये धातू. एक रिंग पाच बोटांनी धरलेली, दुसरी एकाने.

त्याने माझ्याशी हात मिळवला. "सुटं तूच काढलंस ना?" चांगला माणूस आहे. वैताग आहे.

१९ मार्च, बुधवार

तिच्या बोटात रिंग आहे. कार्बनची नाही.

"सुटं आहे का, कंडक्टर?" तिने विचारलं. तेरा दिवसांनी कंडक्टर. मी म्हटलं, "आहे. पुढे सरका." दोघंही हसलो. ती आधी थांबली, मी नंतर.

दुखतंय. एका जागी नाही. सगळीकडे सारखं.

२२ मार्च, शनिवार

चष्मिसला फोन केला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, "बोल." वर्षभर काही झालंच नाही असं. मी म्हटलं, "नंतर करतो," आणि ठेवला.

आईचा फॉर्म माझ्या उशाखाली आहे. तो एक रकाना सोडून सगळा भरलाय.

२३ मार्च, रविवार

९ फेब्रुवारीचं पान काढलं. 'टेबल आधीपासून डुगडुगत होतं' — यावर एक रेघ मारली. एकच. खालचं वाचता येतं. शेजारी तारीख, पूर्ण नाव.

टेबल डुगडुगत नव्हतं. मूठ मी आपटली होती. चष्मिस शेजारीच उभा होता, त्याने पाहिलं होतं. सरांनी तीनदा विचारलं आणि तीनदा तो गप्प राहिला.